पंचेचाळीस अंशांचा काप

बिशप महोदयांच्या मस्तकावरील उंच, टोकदार शिरोभूषणाला इंग्रजीत ‘मायटर’ म्हणतात. आणि लाकडाच्या दोन पट्ट्या पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापून काटकोनात जुळवल्या म्हणजे जो सांधा तयार होतो, त्यालाही ‘मायटर’च म्हणतात. पहिल्या मायटरशी आमचा संबंध आजवर दुरूनच आला आणि तो तसाच राहावा यात सर्वांचेच हित आहे. दुसऱ्या मायटरशी मात्र आमचा लहानपणापासूनचा स्नेह. फोटोची चौकट असो, खिडकीच्या काचेभोवतीची बीडिंग असो वा मेजाची कड असो, चारही कोपरे बिनफटीचे जुळले की मनाला जे समाधान लाभते, ते शब्दांत सांगणे कठीण.

आमचे वडील वसईचे बागायतदार. केळी आणि पानवेल हा व्यवसाय. सुतारकाम हा पावसाळ्यातला विरंगुळा. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, एक गुण्या आणि स्वतः तयार केलेली एक खाचपेटी एवढे त्यांचे भांडवल. ही खाचपेटी म्हणजे तीन फळ्यांची, वरून आणि दोन्ही टोकांना उघडी असलेली पन्हळ. तिच्या दोन्ही भिंतींत समोरासमोर खाचा पाडलेल्या. एक जोडी काटकोनाची, एक डावीकडे झुकलेल्या पंचेचाळीस अंशांची आणि एक उजवीकडे झुकलेली. पट्टी पन्हळीत ठेवायची, करवत खाचेत घालायची आणि सावकाश ओढायची. थोरल्या बंधूंनी आणि आम्ही याच पेटीवर हात बसवला. पुढे आम्ही सेमिनरीत गेलो, बंधू बागायतीत राहिले. सुट्टीत घरी आलो की आमचे पहिले बोलणे लाकडाविषयीच होई. बंधू २०२२ साली देवाघरी गेले.

२०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. “फादर, एकदा घरी येऊन जा. पोरगा लाकूड कापायचं मशीन आणायचं म्हणतो. तुमचा शब्द तो मोडणार नाही. त्याला नको म्हणून सांगा.”

वहिनींच्या भीतीला कारण होते. २००९ च्या डिसेंबरात, नाताळचा गोठा तयार करताना, जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेल्या अशाच एका यंत्राने बंधूंच्या डाव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापासून गेली. त्यानंतर केळीचा घड उतरवताना बंधू तो हात कसा सावरून धरीत, हे वहिनींनी तेरा वर्षे रोज पाहिले होते. यंत्र भंगारात गेले आणि वडिलांची करवत पुन्हा भिंतीवर टांगली गेली. त्या घरात विजेवर चालणाऱ्या करवतीचे नाव त्यानंतर कुणी काढले नव्हते.

आम्ही घरी गेलो. पुतण्या चोवीस वर्षांचा. वडील गेल्यापासून मोजकेच बोलणारा. त्याने आम्हांला घराभोवती फिरवून खिडक्या दाखवल्या. पावसाने बीडिंगच्या पट्ट्या कुजून काचा खडखडत होत्या. “फादरकाका, या खिडक्या पप्पांनी बसवल्या. सुताराला बोलवायचं नाही. मलाच करायच्या आहेत,” तो म्हणाला. दोन वर्षांत त्याच्या तोंडून एवढे लांब वाक्य आम्ही प्रथमच ऐकत होतो. मग त्याने आजोबांच्या खाचपेटीवर कापून जुळवलेली एक चौकट आणून आमच्या हाती दिली. तीन कोपरे बरे होते. चौथ्यात मात्र आमच्या करंगळीचे नख सहज शिरत होते.

हा दोष त्याच्या हाताचा नव्हता. पन्नास वर्षांच्या घर्षणाने पेटीच्या खाचा रुंदावल्या होत्या आणि करवत त्यांत डुलत होती. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात एकाच बाजूला अर्ध्या अंशाची चूक झाली तरी आठांची बेरीज चार अंश होते आणि ती सगळी शेवटच्या कोपऱ्यात प्रकट होते. पट्टी दोन इंच रुंद असेल तर त्या कोपऱ्याला सुमारे पाच मिलिमीटरची फट पडते. पहिल्या सात कापांची लबाडी आठव्याला भोगावी लागते, असे वडील म्हणत. मुलाने हिशोब मांडला होता : नऊ खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेला चार पट्ट्या. एकूण ७२ पट्ट्या, १४४ काप. नोकरीवरून परतल्यावर संध्याकाळच्या तासाभरात हे काम करायचे. हाती रक्कम १५,००० रुपये, स्वतःच्या पगारातून साठवलेली.

‘नको’ हा शब्द सांगण्यासाठी आम्ही आलो होतो. तो आमच्या ओठांवर आला नाही. वहिनींना एवढेच म्हणालो, “यंत्र कोणते घ्यायचे ते आम्ही पाहतो, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते घरात येणार नाही.” त्या काही बोलल्या नाहीत.

मायटर सॉ म्हणजे मूलतः वडिलांची खाचपेटीच. फक्त करवतीच्या जागी मोटरीवर फिरणारे गोल पाते आणि खाचेच्या जागी अंशांच्या खुणा असलेले, फिरते तबक. पट्टी मागच्या उभ्या आधाराला टेकवायची आणि पात्याचा दांडा वरून खाली आणायचा. घरगुती कामाला दहा इंची पाते पुरेसे होते. असे साधे यंत्र पाच-साडेपाच इंच रुंदीची फळी सरळ कापते आणि पंचेचाळीस अंशांत साडेतीन इंचांहून थोडी अधिक. चौकटी, बीडिंग, मांडणीच्या पट्ट्या, खुर्चीचे पाय ही सारी कामे त्यात बसतात. एवढे ठरवून आम्ही दोघे एका सोमवारी चर्चगेट लोकलने मरीन लाइन्सला उतरलो आणि क्रॉफर्ड मार्केटवरून चालत नागदेवी स्ट्रीटला गेलो. यंत्रे आणि हत्यारे घेण्यासाठी मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या याच गल्लीत येत आले आहेत.

निघण्यापूर्वी एक मोह घरीच टाळावा लागला होता. मुलाचे मामा कॅनडात असतात. तेथे उत्तम यंत्र स्वस्तात मिळते, येताना घेऊन येतो, असा त्यांचा प्रेमळ निरोप होता. पण तेथील वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. ते यंत्र आपल्या भिंतीत खुपसले तर मोटर जळणार. मधे ट्रान्सफॉर्मर घालायचा तर पंधराशे-अठराशे वॉटचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड. शिवाय दुरुस्तीचे भाग मिळवण्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागणार. मामांना आम्ही मनापासून धन्यवाद कळवले.

पहिल्या दुकानात आमचे वय व वेष पाहून दुकानदाराने आदराने चहा मागवला आणि चौदा इंची चकतीचे एक दणकट यंत्र पुढे केले. “फादर, यात लाकडाचं पातं बसवून घ्या. लोखंडही कापेल, लाकूडही कापेल.” हे यंत्र ग्रिलवाल्यांच्या दुकानांत दिसते, लोखंडाच्या नळ्या व अँगल कापण्यासाठी त्यात घासून कापणारी चकती असते. दिसायला ते मायटर सॉचे भावंड वाटते, पण लाकडाचे दातेरी पाते त्यावर चढवणे म्हणजे संकटाला घरचे आमंत्रण होय. त्याचे झाकण चकतीच्या ठिणग्यांसाठी असते, दातांपासून बोटे वाचवण्यासाठी नव्हे. त्याची पकड लोखंडाच्या नळीसाठी असते. हाताच्या ग्राइंडरवर लाकडाचे पाते लावून काम भागवणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगू. चहा घेऊन आम्ही उठलो.

दुसऱ्या दुकानात दांडा पुढेमागे सरकणारे यंत्र होते. असे यंत्र फूटभर रुंद फळीही कापते आणि ते पाहून पुतण्याचे डोळे चमकले. किंमत मात्र त्याच्या साठवणीच्या वर होती. दुकानदाराने त्याच घाटाचे, पण पुष्कळ स्वस्त यंत्र काढले. आम्ही दांडा पूर्ण पुढे ओढला आणि टोकाशी धरून डावीकडे-उजवीकडे हलवला. तो हलला. सरकणारे प्रत्येक जोडकाम घट्ट आणि सरळ ठेवण्यास पैसा पडतो. जेथे तो वाचवलेला असतो, तेथे पाते डुलते. मग वडिलांच्या झिजलेल्या खाचपेटीत आणि त्यात फरक तो काय? अर्धा अंश येथेही निसटणारच. न सरकणारे, साधे यंत्र त्याच किमतीत अधिक खरे कापते.

तिसऱ्या दुकानात साधेच यंत्र होते आणि सर्वांत स्वस्त. तबक पंचेचाळीसवर टक्‌ असा आवाज करून बसत होते, दांडा हलत नव्हता. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही दांडा खाली दाबला. पात्यावरचे पारदर्शक झाकण, ज्याला गार्ड म्हणतात, ते रीतीप्रमाणे वर सरकले. दांडा सोडला. दांडा वर आला, पण गार्ड अर्ध्यावर अडकून राहिला आणि पात्याचे दात उघडे दिसत राहिले. दुकानदाराने बोटाने टिचकी मारली तेव्हा तो खाली आला. “नवीन आहे, वापरून मोकळा होईल,” तो म्हणाला. “आणि नाहीच झाला, तर लोक तारेने वर बांधून ठेवतात.”

आम्ही तेथून बाहेर पडलो. फुटपाथवर उभे राहून मुलाने विचारले, “फादरकाका, बरं वाटत नाही का?” आम्ही त्याला पाणी आणावयास सांगितले.

२००९ च्या त्या डिसेंबरात आम्ही तीन दिवसांच्या रजेवर घरी होतो. गोठ्याच्या छपरासाठी लहान लहान पट्ट्या कापायच्या होत्या. बंधूंच्या यंत्राचा गार्ड असाच अडकत होता; पट्टी नीट दिसत नव्हती, काम लांबत होते आणि आम्हांला धर्मग्रामात परतण्याची घाई होती. तेव्हा तारेचा एक तुकडा घेऊन आम्हीच तो गार्ड वर बांधून टाकला. बंधूंनी आधी नको म्हटले, मग हसून सोडून दिले. दुसऱ्या सकाळी आम्ही परतलो. दोन दिवसांनी फोन आला. दवाखान्यात बंधूंनी आमच्याकडे पाहून केवळ एवढेच म्हटले, “गोठा अर्धा राहिला रे.” तारेचा उल्लेख त्यांनी त्या दिवशी केला नाही, पुढे कधीही केला नाही. आम्हीही केला नाही. दर शनिवारी इतरांचे कुमसार ऐकावयास बसणाऱ्या आम्हांला, पंधरा वर्षांत आपल्याच घराच्या उंबरठ्यावर चार शब्द बोलता आले नाहीत.

त्या दिवशी काही न घेताच आम्ही वसईस परतलो. मुलाला गाडीतच सर्व सांगितले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. भाईंदरची खाडी ओलांडल्यावर म्हणाला, “मम्मीला सांगा.”

वहिनी मागच्या पडवीत बोंबील साफ करीत बसल्या होत्या. आम्ही समोरच्या बाकावर बसलो आणि तारेची गोष्ट सांगितली. वळणे न घेता, जशी घडली तशी. त्यांचा हात थांबला नाही.

“मला ठाऊक आहे, फादर,” त्या म्हणाल्या. “रिक्षातून दवाखान्यात नेताना ह्यांनीच सांगितलं. म्हणाले, तार त्याने बांधली, पण नंतर दोन दिवस ती माझ्यासमोरच होती. मी का नाही सोडली? कुणाजवळ बोलू नको म्हणाले, म्हणून बोलले नाही. पण तुम्ही कधी बोलाल याची वाट मात्र पाहिली.”

आम्हांला उत्तर सुचेना. त्यांनी शेवटचा बोंबील टोपल्यात टाकला, हात धुतले आणि म्हणाल्या, “पोराला आणू दे मशीन. पण तार बांधायची पाळी येईल, असलं आणू नका.”

यंत्र निवडण्याविषयी आम्ही जे काही वाचले, ऐकले वा अनुभवले, त्या सर्वांचे सार या एका वाक्यात आले आहे. ज्याचा गार्ड अडखळतो, ज्याच्या खुणा दिसत नाहीत, ज्यावर लहान पट्टी नीट धरता येत नाही, ते यंत्र माणसाला आडमार्गाने जाण्यास शिकवते. तार बांधणारा हात आमचा होता आणि त्याची जबाबदारी आमचीच. पण पुतण्याच्या हाती द्यावयाचे यंत्र असे असावे की त्याला तारेची आठवणही होऊ नये.

दुसऱ्या खेपेस आम्ही पैशांची वाटणी आधीच कागदावर केली. सगळे १५,००० यंत्रावर घालायचे नाहीत. ११,२०० रुपयांत दहा इंची, न सरकणारे यंत्र मिळाले. त्याचा गार्ड आम्ही वीस वेळा उघडून-मिटून पाहिला. त्यासोबत आलेले पाते २४ दातांचे होते; ते जाडेभरडे कापण्यास ठीक, पण बीडिंगच्या कडा त्याने फाटतात. म्हणून १,४०० रुपयांचे, कार्बाइडच्या टोकांचे ६० दातांचे वेगळे पाते घेतले. ते घेताना मधल्या भोकाचे माप यंत्राच्या दांडीशी जुळते ना, आणि पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून अधिक आहे ना, हे पाहिले. ७०० रुपयांचे दोन शिकंजे. बोटांनी धरण्याजोगी नसलेली प्रत्येक पट्टी त्यांनी आवळायची. ९०० रुपयांत चष्मा, कानांवरची झाकणे आणि मास्क. उरलेल्या ८०० रुपयांत यंत्राच्या दोन्ही अंगांना लांब पट्टीस टेकू देण्यासाठी लाकूड.

मास्क आणि कानझाकणे ही चैन वाटेल, ती नव्हे. अशा यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. लाकडाच्या बारीक धुळीविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे की, ती मानवात कर्करोग उत्पन्न करते. दहा इंची पाते मिनिटाला साडेचार हजार फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतात. या वेगासमोर हाताची चपळाई कामाची नाही. अंतर तेवढे कामाचे. पात्यापासून सहा इंच हात दूर ठेवायचा, पाते पूर्ण वेगात आल्यावरच दांडा खाली आणायचा, काप झाला की बटण सोडून पाते थांबेपर्यंत दांडा खालीच ठेवायचा, पाते बदलताना प्लग आधी काढायचा. हे चार नियम मुलाने खडूने भिंतीवर लिहिले. पाचवा आम्ही सांगितला : सैल बाह्यांनी यंत्राजवळ जायचे नाही. तेव्हा आम्हांलाही झगा काढून सदऱ्याच्या बाह्या दुमडाव्या लागल्या.

वीजही पाहिली. १,६५० वॉटची मोटर २३० व्होल्टवर सात अँपिअरहून थोडी अधिक वीज घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. घरातील लहान, सहा अँपिअरच्या सॉकेटवर ती लावणे योग्य नव्हे; म्हणून वायरमनकडून पडवीत सोळा अँपिअरचे सॉकेट, नीट अर्थिंगसह, बसवून घेतले.

नवे यंत्र कारखान्यातून अचूक येते असे समजू नये. काटकोन तपासण्याची साधी रीत अशी : सरळ कडेची एक रुंद पट्टी नव्वद अंशांत कापावी, एक तुकडा उलटा करून दोन्ही तुकडे मागच्या आधाराला टेकवून जुळवावेत. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे डोळ्यांना पटकन दिसते. पंचेचाळीस अंशांचे दोन काप जुळवून आत गुण्या लावला की तीही परीक्षा होते. आमच्या यंत्रात मागचा आधार केसभर तिरका होता. त्याचे स्क्रू सैल करून, गुण्याला टेकवून पुन्हा आवळण्यात संध्याकाळ गेली. तो गुण्या वडिलांचा.

सगळे जुळून आल्यावर मुलगा प्लग लावण्यास वाकला. “थांब,” वहिनी म्हणाल्या. इतका वेळ त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. पदर कमरेला खोचला, यंत्राच्या दांड्याला हात घातला आणि तो सावकाश खाली आणला. गार्ड वर सरकला. त्यांनी दांडा सोडला. गार्ड खाली येऊन पात्यावर मिटला. पुन्हा एकदा खाली, पुन्हा वर. त्या वाकून दातांकडे पाहत होत्या. एकही दात उघडा राहत नव्हता.

“आता लाव,” त्या म्हणाल्या, आणि आत न जाता तेथेच उभ्या राहिल्या.